क्रामर की बेर्खस्मा : आधी कुणाच्या शर्यती बघाव्यात?

नेदरलँड्समध्ये पहिला हिवाळा काढला की आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच, की हे स्केटिंग आता आवडायला लागलंय, पण जुन्या शर्यती बघायच्या तर सुरुवात कुणापासून करू? लांब पल्ल्याचं म्हणाल तर माझ्या मते दोन नावं आहेत, स्वेन क्रामर आणि योरित बेर्खस्मा. नोकरी सांभाळून दोघांचीही अख्खी कारकीर्द एका हिवाळ्यात नीट बघून होत नाही. मीही याच पेचात होतो. तेव्हा मी काय केलं आणि का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं पडू शकतं, आणि त्यात काही वावगं नाही.

दोघांमध्ये वयाचं अंतर तीन महिन्यांचंही नाही. बेर्खस्मा १ फेब्रुवारी १९८६चा, क्रामर २३ एप्रिल १९८६चा. दोघंही फ्रीसलंड प्रांताचे. क्रामर हेरेनफेनचा, जिथे टिआल्फ हे स्केटिंगचं स्टेडियम आहे, आणि बेर्खस्मा तिथून जवळच्याच ओल्डेबोर्न गावचा. पण वाटा पहिल्यापासून वेगळ्या. क्रामरचे वडील येप क्रामर स्वतः १९८० आणि १९८४च्या ऑलिम्पिकमध्ये उतरलेले, त्यामुळे चारशे मीटरची धावपट्टी त्याच्या घरातच होती म्हणा. बेर्खस्मा बर्फावरच्या स्केटिंग मॅरेथॉनमधून आला. तिथे लेन नसतात, सगळे एकदम सुटतात, एकमेकांच्या पाठीमागे वारा चुकवत जातात. आणि मनात सगळ्यांच्या एकच, अकरा शहरांची ती दोनशे किलोमीटरची शर्यत, एल्फस्टेडेनटोख्त, जी ४ जानेवारी १९९७ नंतर पुरेसा बर्फच धरला नाही म्हणून झालेली नाही.

आता क्रामर. त्याच्या बाजूने बोलायला लागलं तर थांबता येत नाही. पाच हजार मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण त्याने सलग तीनदा घेतलं, २०१०, २०१४ आणि २०१८. ऑलराउंड, म्हणजे चार अंतरं मिळून होणाऱ्या स्पर्धेचं, जगज्जेतेपद नऊ वेळा. नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलगरीला त्याने पाच हजारात ६:०३.३२ ही वेळ दिली, तो विक्रम मोडायला दहा वर्षं लागली. ज्याला 'या खेळात सर्वांत मोठा कोण' एवढंच बघायचंय, त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल. क्रामर बघा.

व्हँकुव्हरचं काय, असं तुम्ही विचारणारच. २०१०चं ऑलिम्पिक, दहा हजार मीटर. शर्यत दोघादोघांच्या जोडीने होते आणि दर फेरीला दोघांनी लेन बदलायची असते. आठ फेऱ्या उरलेल्या असताना प्रशिक्षक खेरार्ड केमकर्स यांनी चुकून आतली लेन दाखवली आणि बाहेरच्या लेनकडे निघालेला क्रामर ऐन वेळी आत वळला. १२:५४.५० मध्ये तो पोहोचला. ली सुंग-हूनच्या १२:५८.५५ पेक्षा चार सेकंद आधी, पण बाद. ती शर्यत बघावीच लागते. फक्त माझी विनंती आहे, तिथून सुरुवात करू नका. ती एक चूक आधी पाहिली की पुढच्या प्रत्येक शर्यतीत तुमची नजर त्याच्या पायांऐवजी लेनवर राहते. माझी राहिली होती.

पण मला अडलं ते तिथे नाही. अडलं ते समालोगमध्ये, म्हणजे ऑलराउंडच्या गुणपद्धतीत. ऑलराउंड स्पर्धेत चारही अंतरांच्या वेळांचे गुण करतात. ५०० मीटरचे सेकंद तसेच, १५००चे भागिले तीन, ५०००चे भागिले दहा, १०,०००चे भागिले वीस. ज्याची बेरीज कमी तो विजेता. म्हणजे दहा हजारात एक गुण वीस सेकंदांचा. समजा, शेवटच्या अंतराआधी एखाद्याकडे सव्वा गुणाची आघाडी आहे, तर त्याला दहा हजारात पंचवीस सेकंद गमावायची मुभा असते. क्रामर सर्व अंतरांत इतका पक्का होता की रविवारी दुपारी, दहा हजार सुरू होण्याआधीच, बरेचदा हा हिशेब संपलेला असायचा. मग जो माणूस हे अंतर जगात सर्वांत सुंदर धावू शकतो, तो पडायचं नाही, लेन चुकायची नाही, एवढंच सांभाळत पंचवीस फेऱ्या पुऱ्या करतो. त्याचं काही चुकत नव्हतं, मीही तेच केलं असतं. पण प्रेक्षक म्हणून मला ते खुपत राहिलं. क्रामरच्या अशा दहा हजारच्या मध्यावर मी उठून कुकर लावून आलेलो आहे, आणि परत आल्यावर काहीही हुकलेलं नव्हतं. ज्या अंतरासाठी मी या खेळाकडे ओढला गेलो, तेच अंतर तिथे उरकून घेतल्यासारखं वाटायचं.

बेर्खस्माकडे हा प्रश्नच येत नाही. ५०० आणि १५०० मीटर हा त्याचा प्रांत नव्हे, त्यामुळे ऑलराउंडच्या आघाडीवर बसून राहायची सोय त्याला कधी नव्हतीच. त्याच्यासाठी दहा हजार म्हणजे दहा हजारच. २०१३, २०१५ आणि २०१९ मध्ये या एका अंतराचं जगज्जेतेपद त्याने घेतलं, आणि मध्ये सोचीचं ऑलिम्पिक सुवर्ण.

सोचीची ती शर्यत, १८ फेब्रुवारी २०१४, मी आमच्या शेजारच्या आजोबांकडे बसून पाहिली. त्यांची चौकटीची वही असते. पेन्सिलीने प्रत्येक फेरीची वेळ एकाखाली एक लिहितात, तीही पूर्ण नाही, फक्त दशांशाचा आकडा. तीस सेकंद गृहीत धरलेले. फेरी एकतीसवर गेली की त्या आकड्याला गोल. बेर्खस्मा आधी धावला. १२:४४.४५. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि काही बोललेच नाहीत. मग क्रामर आला, कुठली वेळ गाठायची ते त्याला ठाऊक होतं, आणि त्या वेळी अख्ख्या देशाला हे सुवर्ण त्याचंच असं वाटत होतं. तो १२:४९.०२ वर आला. फरक साडेचार सेकंदांचा, म्हणजे फेरीमागे दोन दशांश सेकंदही नाही. एका फेरीत तो डोळ्यांना दिसत नाही. वहीत दोन रांगा शेजारी ठेवल्या की मात्र दिसतो. त्या दिवशी मला दहा हजार मीटर काय असतं ते कळलं.

बेर्खस्माच्या बाजूनेही सगळंच गोड नाही, हे सांगायला हवं. पाच हजारचं ऑलिम्पिक सुवर्ण त्याच्याकडे नाही, सोचीत त्याला कांस्य मिळालं. मॅरेथॉनच्या शर्यती बघायला गेलं तर पहिल्यांदा नुसता घोळका दिसतो, त्यात तो शोधायलाच वेळ जातो. आणि ज्याला विजयांची मोठी यादी हवी, त्याला त्याची यादी तोकडी वाटेल. पण २०१८च्या ऑलिम्पिकची दहा हजारची शर्यत बघा. गांगनुंगला त्याने १२:४१.९८ दिली, सोचीपेक्षाही जलद, आणि तरी तो दुसरा आला, कारण मूळचा डच पण कॅनडाकडून उतरलेला टेड-यान ब्लूमेन १२:३९.७७ धावला. क्रामर त्या दिवशी सहावा होता. मला विचाराल तर हरलेल्या शर्यतीतला हा बेर्खस्मा बघताना जो ताण येतो, तो क्रामरच्या कित्येक विजयांत आलेला नाही.

तेव्हा पाच हजार आवडत असेल, किंवा घरातल्या लहानांना सोबत घेऊन बघायचं असेल, तर क्रामर घ्या. सहा मिनिटांत सगळं दिसतं. एकटे बसून बघणार असाल, पावणेतेरा मिनिटं काढायची तयारी असेल, तर मी बेर्खस्मापासून सुरू करेन. सोची आधी, आणि ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने. आधी त्याची जोडी पूर्ण, मग क्रामरची. जवळ कागद-पेन्सिल ठेवा आणि फक्त दशांश लिहा.