छेद न घेता तिळाची तपासणी : एका दूरस्थ सेवेचा अनुभव

पाठीवरच्या एका तिळाची कड वेडीवाकडी दिसू लागल्यामुळे, त्वचेच्या प्रतिमा काढून त्या दुसरीकडे बसलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवणाऱ्या सेवेचा मी लाभ घेतला. तपासणी उत्तम झाली. मात्र तिच्या मर्यादा रुग्णाला आधी स्पष्टपणे सांगितल्या जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

तंत्रज्ञाने प्रथम साधी छायाचित्रे काढली आणि मग डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या प्रकाशयुक्त भिंगाने, सुमारे दहापट मोठी प्रतिमा घेतली. डर्मोस्कोपमधील ध्रुवित प्रकाशामुळे कातडीवरची चकाकी नाहीशी होते आणि रंगद्रव्याची जाळी व रक्तवाहिन्यांची ठेवण दिसू लागते. खरे कौतुक कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचे वाटले. त्यातील ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण त्वचेत शिरतो, परत येणाऱ्या प्रकाशापैकी त्वचेतील ठरावीक खोलीवरचाच टिपला जातो आणि मेलॅनिन हे त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश जोरदार परावर्तित करीत असल्यामुळे रंगपेशी उजळ उमटतात, म्हणजे एरवी बायोप्सीनंतर (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनंतर) दिसणाऱ्या पेशी येथे जिवंत त्वचेतच पाहता येतात. वेदना झाली नाही. फक्त हलायचे नाही, हे पथ्य कंटाळवाणे होते.

अहवाल नेमका होता. कोणती लक्षणे दिसली, कोणती दिसली नाहीत आणि बायोप्सी आत्ताच का नको, हे कारणांसह लिहिले होते. शिवाय तीन महिन्यांनी त्याच तिळाची प्रतिमा घेऊन तुलना करण्याचा सल्लाही होता. नुसता ‘काळजी नको’ असा शेरा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता मर्यादांविषयी. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा लेसर किरण साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच पाहू शकतो, त्यामुळे गाठ किती खोल गेली आहे हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि तळहात-तळपायांच्या जाड कातडीखाली तर त्याचे फारसे चालत नाही. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नव्हता. शिवाय तज्ज्ञ पाठवलेला तेवढाच तीळ पाहतात. शेजारचा डाग त्यांच्या नजरेस पडत नाही आणि गाठ बोटांनी चाचपून पाहणे तर शक्यच नसते. मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा, संशय बळावला, तर बायोप्सी करावीच लागते.

संशयास्पद पण स्थिर असलेल्या तिळासाठी ही सेवा मी पुन्हा घेईन. झपाट्याने वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ असेल, तर प्रतिमा काढण्यात वेळ न दवडता थेट डॉक्टरांकडे जावे.