बाथरूमसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीबीओ : ब्रेकर चांगला, पण वायरिंगचे सोंग खपवून घेत नाही

पुण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेत बाथरूमच्या टाइल आणि नळाचे पाइप बदलायचे ठरले, तेव्हा तिथल्या वायरिंगसाठी डीबीमध्ये (घरातल्या ब्रेकरच्या पेटीत) स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे विजेची गळती, जादा भार आणि शॉर्ट सर्किट या तिन्हींना पुरवठा तोडणारा ब्रेकर, बसवून घेतला. तो दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), २० अँपिअर, सी कर्व्हचा (उपकरण सुरू होतानाच्या क्षणिक जादा प्रवाहाला न पडणारा) आणि ३० मिलीअँपिअर गळतीला पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा, आहे. दुकानात घेताना आयएसआय खूण आणि आयएस १२६४० (भाग २) हा क्रमांक पाहून घेतला.

फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे हा ब्रेकर सतत तपासतो. फरक आढळला, म्हणजे थोडा प्रवाह गिझरच्या टाकीतून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे चालला आहे असे धरून तो पुरवठा तोडतो. मानकाप्रमाणे ३० मिलीअँपिअर गळतीला जास्तीत जास्त ३०० मिलीसेकंदांत आणि त्याच्या पाचपट गळतीला ४० मिलीसेकंदांत तो पडायला हवा. फक्त जादा भार आणि शॉर्ट सर्किटला पडणाऱ्या साध्या एमसीबीकडून ही अपेक्षा करताच येत नाही, कारण माणसाचा जीव घेणारा प्रवाह १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबी हा फक्त गळतीवर नजर ठेवणारा ब्रेकरही ती ओळखतो. पण जादा भार आणि शॉर्ट सर्किट यांसाठी त्याच्याबरोबर एमसीबी लागतोच, शिवाय तो मुख्य जागी बसवला तर बाथरूममधल्या दोषाने सगळे घर अंधारात जाते. आरसीबीओ महाग पडतो खरा, पण एकट्या बाथरूमपुरता तोच सोयीचा वाटला.

बसवल्यावर पहिला अनुभव मात्र वैतागाचा होता. बाथरूमचा दिवा लावला की ब्रेकर पडे. वायरमनचे म्हणणे पडले की जुन्या घरांत हे असे होतेच, तेव्हा तो काढून साधा एमसीबी लावावा. असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोकादायक आहे. दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला, तेव्हा दिव्याचा फेज बाथरूमच्या सर्किटचा आणि न्यूट्रल पॅसेजच्या बोर्डातून उसना घेतलेला निघाला. गेलेला प्रवाह ब्रेकरमधून परत येतच नव्हता, म्हणजे त्याचे पडणे अगदी रास्त होते. न्यूट्रल वेगळे करण्यासाठी भिंतीला नवी झिरी मारावी लागली. टाइल बसण्याआधी हे लक्षात आले म्हणून खर्च आटोक्यात राहिला. पुढे गिझर तापताना ब्रेकर पुन्हा पडू लागला, तेव्हा कॉइल गळकी निघाली. कॉइल बदलल्यापासून तक्रार नाही.

या नूतनीकरणात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. जुन्या इमारतींत गिझरची अर्थिंगची तार कित्येकदा पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला गुंडाळलेली असते. तो प्रकार मुळातच चुकीचा. पण पाइप बदलून सीपीव्हीसी, म्हणजे वीज न वाहणारे प्लॅस्टिकचे, टाकले, की तेवढा आधारही जातो आणि प्लंबर व वायरमन या दोघांनाही त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. अर्थिंग नीट असेल, तर गिझरच्या टाकीत वीज उतरताच ब्रेकर पडतो. अर्थिंग नसेल, तर तो माणसाचा हात लागेपर्यंत थांबतो. तेव्हा पडला तरी शॉक बसून गेलेला असतो. म्हणून डीबीपासून स्वतंत्र तांब्याची अर्थिंगची तार ओढून घेतली. २००० वॉटच्या गिझरला जेमतेम ९ अँपिअर लागतात, तरी त्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली आणि त्याचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) दाराबाहेर घेतला.

आत एकही सॉकेट ठेवले नाही. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कठडा नसलेल्या शॉवरच्या पाण्याच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंत आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग सॉकेटसाठी वर्ज्य असतो. आपल्याकडच्या पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये हे अंतर सोडल्यावर उरते ते काय! दाढीच्या मशिनसाठी आरशाशेजारी सॉकेट हवेच, असा घरातल्यांचा आग्रह होता. तो मानला नाही.

ब्रेकरबद्दल तक्रार एकच, आणि ती सोबतच्या पत्रकाविषयी. ठरावीक काळाने टेस्टचे बटण दाबावे एवढेच त्यात छापले आहे. ते बटण फक्त ब्रेकरची आतली यंत्रणा चालते की नाही हे दाखवते. अर्थिंग तुटलेले असले तरी बटण दाबल्यावर तो व्यवस्थित पडतो. शिवाय फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी हात लागला आणि जमिनीकडे गळती झालीच नाही, तर हा ब्रेकर वाचवू शकत नाही, याचाही उल्लेख नाही. अर्थिंगची तपासणी आणि मेगर या मोजमापाच्या यंत्राने तारांच्या इन्सुलेशनची चाचणी परवानाधारक ठेकेदाराकडून वेगळी करून घ्यावी लागते, आणि ती टाइलचा मिस्त्री यायच्या आधी झालेली बरी.