बाळाच्या पासपोर्टसाठी नोटरीचे पैसे? देऊ नका

नागपुरात दीड वर्षाच्या मुलीच्या पासपोर्टसाठी एका जोडप्याकडून एजंटाने 4,600 रुपये घेतले. सरकारी फी 900. (मुलांची फी 1,000 आहे, आठ वर्षांखाली नव्या अर्जावर दहा टक्के सूट.) वरचे 3,700 कुठे गेले ते पाहा.

अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे दोन्ही पालकांच्या सह्यांचं घोषणापत्र, 500च्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला: 1,500. ही नोटरीची अट केंद्राने डिसेंबर 2016 मध्येच काढली. साध्या कागदावर प्रिंट काढून सह्या केल्या की झालं. एकाच पालकाची संमती असेल तर अ‍ॅनेक्शर सी, तेही साध्याच कागदावर. 'अपॉइंटमेंट मिळवून देतो' याचे 1,200. तिला वेगळी फीच नाही. 'पोलीस व्हेरिफिकेशन सेट करतो' याचे 1,000. ते फुकट असतं आणि आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर मुलांना बहुधा लागतही नाही.

पैशांपेक्षा मोठा घोळ लॉगिनचा. अर्ज एजंटाच्या ईमेलवरून भरलेला. जन्मदाखल्यावर मुलीचं नावच नव्हतं, कारण दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं. एजंटाने दाखला उघडूनही पाहिला नसावा. पासपोर्ट केंद्रावरून कागद परत. एका अर्जावर वर्षभरात तीनदा अपॉइंटमेंट घेता येते, पण पासवर्ड एजंटाकडे आणि तो फोन उचलेना. नवा अर्ज, पुन्हा 900.

1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणून आधी महापालिकेच्या झोन ऑफिसात नाव चढवून नवा दाखला घ्या, मगच फी भरा. सोबत अ‍ॅनेक्शर डी, पालकाच्या नावाचा पत्त्याचा पुरावा, आईवडिलांचे पासपोर्ट, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि सही केलेल्या झेरॉक्स. मूल चार वर्षांखालचं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा 4.5 बाय 3.5 सेंमीचा फोटो न्या. मुलाला न्यावंच लागतं.

अर्ज स्वतःच्याच ईमेलने, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन वर किंवा एमपासपोर्ट सेवा अ‍ॅपवर भरा. शोधल्यावर सर्वात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या साइटवर जाऊ नका, त्यातल्या काही हुबेहूब सरकारी दिसतात. तिथे ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा; व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. अर्जाबद्दलची शंका 1800-258-1800 वर विचारता येते.