मॅग्नेट्रॉनचं पल्स रडार: काही महिने बोटीवर वापरल्यानंतर

धुकं, मुसळधार पाऊस, काळोख या सगळ्यात हे ४ किलोवॉटचं, २४ इंची डोमचं रडार वापरून झालं आणि आता त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. घेताना जो तो किलोवॉट विचारतो, ते मात्र मला दुय्यम वाटतं. पल्ला दुप्पट हवा तर शक्ती सोळापट लागते. ४ ऐवजी ६ किलोवॉट घेतले तर पल्ला जेमतेम दहा टक्क्यांनी वाढेल.

खरा फरक पडतो तो पल्सच्या, म्हणजे रडार सोडतं त्या लहरींच्या छोट्याशा झटक्याच्या, लांबीने. ०.०८ मायक्रोसेकंदाच्या पल्सवर मागेपुढे असलेल्या दोन वस्तू १२ मीटर अंतरावर असल्या तरी वेगळ्या दिसतात. ०.८ वर तेच अंतर १२० मीटर लागतं, मग बंदराच्या तोंडाशी दोन बोये मिळून एकच ठिपका होतो. लांब पाहायचं तर मात्र मोठीच पल्स हवी, कारण तिच्यात ऊर्जा जास्त. रेंज बदलली की यंत्र पल्सही आपणहून बदलतं, पण मधल्या रेंजवर ती हाताने निवडता येते. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली.

आतलं काम असं: मॉड्युलेटर उच्च व्होल्टेजचा झटका देतो, मॅग्नेट्रॉन ९.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, सर्क्युलेटर त्या अँटेनाकडे पाठवतो आणि परतलेला क्षीण प्रतिध्वनी रिसीव्हरकडे वळवतो. वाटेत लिमिटर असतो, नाहीतर आपल्याच पल्सने रिसीव्हर जळेल. प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. एका सागरी मैलाला जाऊन-येऊन सुमारे १२.४ मायक्रोसेकंद. ०.८ मायक्रोसेकंदाच्या पल्स सेकंदाला ६०० धरल्या तरी सरासरी शक्ती २ वॉटही भरत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मॅग्नेट्रॉन तापायला दीडएक मिनिट लागतं, म्हणून हवा बिघडायची चिन्हं दिसली की मी रडार स्टँडबायवर ठेवतो.

उणीव आहे ती शेजारीशेजारी असलेल्या वस्तूंची. बीम, म्हणजे अँटेनातून निघणारा लहरींचा झोत, ४ अंश रुंद, म्हणजे एका मैलावर जवळपास १३० मीटर. तेवढ्यात आलेल्या दोन होड्या एकच दिसतात. इथे पल्स कितीही आखूड केली तरी उपयोग नाही, अँटेनाच रुंद लागते. बोटीवर जागा असेल तर जास्तीचे पैसे किलोवॉटवर न घालता ४ फुटी उघड्या अँटेनावर घाला. सी क्लटरचं, म्हणजे लाटांवरून येणारे प्रतिध्वनी दाबायचं, बटणही जपून फिरवा: लाटांचे ठिपके पूर्ण पुसले की जवळची लाकडी होडीही त्यांच्याबरोबर पुसली जाते. मी थोडे ठिपके मुद्दाम राहू देतो.