प्रपोर्शनल डिव्हायडर: आठ महिने वापरल्यानंतर

प्रपोर्शनल डिव्हायडर म्हणजे एका बाजूच्या टोकांनी पकडलेलं माप दुसऱ्या बाजूला ठरलेल्या प्रमाणात लहान करून देणारं हत्यार. खरं सांगायचं तर पुण्याच्या जुन्या बाजारातून मी हा घेतला तो केवळ देखणा होता म्हणून. दोन्हीकडे टोकं, मधे खाचेत सरकणारा स्क्रू, मखमलीची डबी. नऊशे सांगितले, साडेसहाशेला दिला. कंपनीचं नाव पुसलेलं. दोन महिने कपाटात पडून होता.

मी कार्डशीटचे रेल्वेचे डबे करते, एचओ स्केलमध्ये. म्हणजे खऱ्या एका फुटाला ३.५ मि.मी., साधारण १:८७. मित्राने आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याचं जे ड्रॉइंग दिलं ते होतं ओओ स्केलचं, फुटाला ४ मि.मी. हिशोब सोपा: ३.५ भागिले ४, म्हणजे ८७.५ टक्के. पण आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्स मशीनला अर्धा टक्का कळत नाही, ८७ घ्या नाहीतर ८८. खऱ्या डब्याची बॉडी २१,३३७ मि.मी., ड्रॉइंगवर २८० आणि मला हवी २४५. अठ्ठ्याऐंशीने २४६.४ यायला हवी होती, आली २४७. तेही चाललं असतं, पण बाजू एका दिवशी आणि छप्पर दुसऱ्या दिवशी झेरॉक्स केलेलं, ते एकमेकांना जुळेना. तेव्हा हा डिव्हायडर कपाटातून बाहेर आला.

त्यावर कोरलेले २, ३, ४ हे आकडे माझ्या काही कामाचे नाहीत. मी कार्डावर ८० आणि ७० मि.मी.च्या दोन रेघा मारल्या. लांब बाजूची टोकं ८० वर टेकली की आखूड बाजूची बरोबर ७० वर यावीत, तोवर स्क्रू सरकवत बसायचं. पहिल्यांदा अर्धा तास गेला, आता दोन मिनिटं लागतात. एकदा जमलं की गणित संपलं. ड्रॉइंगवर खिडकी पकडा, हत्यार उलटं करा, कार्डावर टोचा. टोचलेल्या भोकात कटरचं टोक आपोआप बसतं, हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

आता तक्रारी. स्क्रू सरकतो. एका संध्याकाळी नऊ खिडक्या कापून झाल्यावर लक्षात आलं की चौथीपासून सगळ्या रुंद होत गेल्यात. तेव्हापासून ती ८०-७० ची पट्टी डबीच्या झाकणात चिकटवली आहे आणि दर पाच-सहा मापांनी ताडून बघते. आखूड बाजूला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कारण घाईत उलटसुलट होतंच.

दुसरं म्हणजे हा १२० मि.मी.च्या पुढे नीट उघडत नाही. डब्याची लांबी तुकड्या-तुकड्यांत मोजली तर पाव-पाव मिलिमीटर साचत शेवटच्या दारापाशी दोन मि.मी.ची चूक निघते. म्हणून मोठी मापं कॅल्क्युलेटरने काढते आणि स्टीलच्या पट्टीने आधी मांडून घेते: बॉडी २४५, बोगींच्या (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर (खरं १४,७८३) १६९.७. डिव्हायडर फक्त त्या चौकटीच्या आतल्या कामाला.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. जुलैत ड्रॉइंगवरची २८० ची रेघ २८१ भरली; कागद दमटपणाने फुगला होता. प्रमाण बरोबर, मूळच खोटं! त्यावर उपाय म्हणजे ड्रॉइंगवरच छापलेली फुटांची मापपट्टी. तिच्यावरचे १० फूट लांब बाजूने धरायचे, मग ते ४० मि.मी. भरोत की ४०.२, आणि आखूड बाजू स्टीलच्या पट्टीवर ३५ ला बसवायची. फुगवटा आपोआप वजा होतो. अर्थात कागद आडवा आणि उभा सारखा फुगत नाही, त्यामुळे उंचीसाठी मी खऱ्या मापांवरच जाते.

चाकांना मात्र हे हत्यार लावूच नका. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मि.मी., एचओत ते १९.२ व्हायला हवं, आणि मिळणारे रूळ १६.५ चे, जे १४३५ च्या गेजसाठी आहेत. (ओओवाले त्याच रुळांवर मोठी बॉडी चालवतात, कारण ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान आणि ओओ सुरू झालं त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या मॉडेलांत मावत नव्हत्या.) बोगी रुळाप्रमाणेच करायची, बाजूच्या पट्ट्या तेवढ्या ड्रॉइंगवरून घ्यायच्या. भिंतीच्या जाडीचंही तेच. खरा पत्रा स्केलमध्ये केसाहून बारीक होईल, कार्ड आहे तेवढंच जाड राहणार.

घ्यावा का? घरी स्कॅनर आणि प्रिंटर असेल तर आधी तेच वापरा. ८७.५ टक्के तंतोतंत टाकता येतात, फक्त छापताना ‘फिट टू पेज’ची खूण काढा. मोठ्या बाजू मीही आता तशाच छापते. पण पायरी, दांडा, दिवा अशा बारक्या मापांसाठी कॉम्प्युटर सुरू करायचा कंटाळा येतो, तिथे हाच हाताशी लागतो.

भाच्याला आता तोच डबा एन स्केलमध्ये हवाय, १:१६०. झाकणात दुसरी पट्टी चिकटवून झाली: ८० आणि ३८.१.