हार्ट पॅकेज घेतलं, चाळिशीच्या आतल्यांसाठी प्रामाणिक रिव्ह्यू

दिराला ३६ व्या वर्षी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, आता बरा आहे. पण सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक म्हणजे नवऱ्यालाही धोका जास्त, म्हणून त्याच्यासाठी पुण्यातल्या एका लॅबचं हार्ट पॅकेज बुक केलं. लॅबचं नाव देत नाहीये, पॅकेजबद्दलच बोलते.

सर्व्हिस मस्त. ब्लड घ्यायला मुलगा सकाळी वेळेवर आला, सुई समोर फोडली, एकदाच टोचलं, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

आता पॅकेज. जाहिरातीत ऐंशीच्या आसपास टेस्ट लिहिल्यात, पण त्यात सीबीसीचे (रक्तपेशींच्या तपासणीचे) आकडे सुटे मोजलेले, थायरॉईड, लिव्हर, किडनी, वर कोलेस्टेरॉलचे रेशोसुद्धा वेगळी टेस्ट म्हणून धरलेत, आणि आमच्यासारख्या घराला जी सगळ्यात आधी हवी ती लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची टेस्ट, त्यात नाहीच!! याचं प्रमाण जन्मतः घरातून येतं, पथ्याने-व्यायामाने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना ही टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी पुरते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाईडलाईन्समध्येही ती एकदा तरी करा असंच सांगितलंय, पातळी ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेली की धोका वाढतो. आम्हाला वेगळे पैसे भरून करावी लागली.

दुसरं म्हणजे बीपी कोणी बघितलं नाही, कंबर मोजली नाही, सिगरेट ओढता का, घरात कोणाला झालंय का, काही म्हणजे काही विचारलं नाही. पॅकेजमधला डॉक्टरांचा कॉल पण 'तेलकट कमी करा, चालत जा' इतकाच. खरं काम आमच्या फॅमिली डॉक्टरांनी केलं. बीपी १४६/९४ निघालं, कंबर ९६ सेंटीमीटर (आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत पाहिजे), रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१० म्हणजे जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ म्हणजे कमी, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ५.९ म्हणजे शुगर बॉर्डरवर, आणि हे सगळं एकाच माणसात, वर टपरीवरची सिगरेट. लॅबने प्रत्येक आकड्यापुढे वेगवेगळा बाण काढलाय, पण एकत्र मिळून त्याचा अर्थ काय होतो हे सांगणारं कुणी नाही. हातपाय बारीक नि पोट पुढे, अशी आपली कितीतरी पोरं ऑफिसात दिवसभर बसून असतात, त्यांना कोणी जाड म्हणतच नाही त्यामुळे तपासायला पण कोणी जात नाही.

महागड्या पॅकेजात ईसीजी आहे, पण आडवं झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही असं होत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मी तरी घालणार नाही.

सर्व्हिसला पाच स्टार, पॅकेजला दोन. लिपिड प्रोफाईल, एचबीएवनसी, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि लायपोप्रोटीन (ए) सुट्या करा, आणि रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जाऊन बीपी बघून घ्या. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही असेल तर मागचा नॉर्मल रिपोर्ट उघडून बघत बसू नका, ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका, १०८ लावा नाहीतर कोणाला तरी गाडी काढायला लावून लगेच हॉस्पिटल गाठा.