डिपॉझिट अडकलंय: घरात अडून बसायचं की नोटीस पाठवायची?

आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला तसा पुण्यातला आमचा घरमालक म्हणायला लागला की डिपॉझिट नंतर बघू, पेंटिंगचे कापावे लागतील वगैरे, आणि करारात पेंटिंगचा एक शब्द नाही! मित्र म्हणाला, पैसे हातात येईपर्यंत चावी देऊच नको. ऐकायला भारी वाटतं, पण लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल तर हा डाव अंगाशी येतो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट भाडं लागू शकतं. म्हणजे साठ हजारांच्या डिपॉझिटसाठी भांडताना मीटर आपल्याच खिशावर फिरणार.

दुसरा रस्ता वकिलाच्या नोटिशीचा. वेळ जातो, वकिलाची फी जाते, पण पारडं तुमच्या बाजूला राहतं. मी सोडताना प्रत्येक भिंतीचा, गीझरचा, अगदी सिंकखालच्या पाइपचा व्हिडिओ काढला, लाइटबिल भरल्याची पावती ठेवली आणि चावी मिळाली असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं (हे शेवटचं विसरू नका राव). पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मुदत असते, त्यामुळे घाई नाही. करार रजिस्टर नसेल तरी घाबरू नका, त्याच कायद्याच्या कलम 55 मध्ये ती जबाबदारी मालकाची आहे, उलट तोच अडचणीत येतो.

अडून बसणं मला फक्त मुदत संपायच्या आधी, बोलणी करताना दबाव म्हणून पटतं. माझी नोटीस गेली आणि दहाव्या दिवशी मालकाचाच फोन, "अहो, एवढं कशाला ताणता?"